काढलेली नजर

१

गोकुळची सकाळ टाकीपासून सुरू व्हायची. आधी चहा नाही, आधी देव नाही, आधी टाकी. नांदुऱ्यातल्या त्याच्या घराच्या बैठकीत, भिंतीला लागून, सहा फूट लांबीची काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. आता नांदुऱ्यात कुठून आला समुद्र, असं कोणीही विचारील. तर फिल्टरचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात पाकिटातलं समुद्री मीठ मोजून कालवायचं, पंपानं ते फिरतं ठेवायचं, वरून निळा-पांढरा दिवा सोडायचा आणि त्यात जिवंत प्रवाळ लावायचे. प्रवाळ म्हणजे अंगठीतले नव्हेत बरं. हे खाणारे, फुलणारे, अंधार पडला की मिटणारे. गोकुळकडचे बहुतेक शर्टाच्या बटनाएवढे गोल होते, हिरव्या कडेचे, मधोमध काळा ठिपका. एकेका दगडावर शंभर-शंभर.

गोकुळ कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबचा असिस्टंट. माणूस मोजमापाचा. भाजीत मीठ कमी-जास्त झालं तर गुपचूप जेवील, पण टाकीतल्या मिठाचा आकडा दशांशानं हलला तर रात्री दोनदा उठून मोजायचा. अकोल्याला रंगीत माशांचं दुकान असलेल्या जानरावांनी त्याला ही विद्या शिकवली होती, पहिले प्रवाळही त्यांनीच दिले होते. देताना त्यांनी बजावलं होतं, "गोकुळभाऊ, ही टाकी म्हणजे म्हैस बांधल्यासारखं हाय. घरी लगन असो का मयत असो, तिले टायमावर लागतेच."

त्याची आई सोजराबाई वरवट बकालहून नांदुऱ्याला राहायला आली तेव्हा टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय बाप्पा! जलमभर विहिरीचं खारं पाणी पेलो, त्यापायी दात गेले. अन् हा लेक घरात खारं पाणी पोसून राह्यला!"

टाकी बघायला लोक यायचे. शेगावला दर्शनाला आलेले पाहुणे मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. आणि टाकीपुढे हमखास उभी असायची गोकुळची चार वर्षांची छकुली. गोरी, गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांची. लोक आधी माशांचे फोटो काढत, मग तिला टाकीपुढे उभं करून तिचे. "डोळे कसे हायत पाहा वं पोरीचे," असं म्हटल्याशिवाय एकही बाई त्या घरातून गेली नसेल. गोकुळची बायको करिष्मा कौतुकानं हसायची. सोजराबाई हसायची नाही.

२

मार्चात खारटपणा वाढायला लागला.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र मागं राहतं. म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वरून घालायचं, हा या कामातला पहिला धडा. गोकुळ तो कधी विसरला नव्हता. काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत पाणी भरायचा, न थेंब कमी, न थेंब जास्त. तरी आकडा वर. त्यानं मोजायचं यंत्र कॉलेजात नेऊन तपासलं, चोख निघालं. मीठ बदललं, फिल्टर बदलला. आकडा आपला इंचाइंचानं वरच. आठ-पंधरा दिवस या माणसाला जेवण गोड लागलं नाही.

मग एके दिवशी प्रॅक्टिकल लवकर आटोपलं म्हणून तो चार वाजता घरी आला. बैठकीत सोजराबाईनं छकुलीला टाकीकडे तोंड करून पाटावर बसवलं होतं. मुठीत जाडं मीठ. मूठ तिच्यावरून ओवाळत ती पुटपुटत होती, "आल्याची, गेल्याची, पाहुण्याची, शेजारणीची, घरच्याची, दारच्याची, कोणाची लागली असंल ते निंघून जाय." सात वेळा ओवाळलं, टाकीचं झाकण उचललं आणि मूठ पाण्यात सोडली.

"आई! हे काय करून राह्यली?"

"नजर काढून राह्यली लेकराची. दुसरं काय?"

"अन् मीठ टाकीत काऊन टाकलं?"

"मंग कुठी टाकू? गावाकडे चूल होती, चुलीत टाकत होतो आमी. इथी गॅसवर टाकलं त तुही बायको बोंबलते, बर्नर खराब होते म्हणे. मोरीत टाकलं त पायदळी येते. अन् हे पाणी खारंच हाय ना रे. खाऱ्यात खारं, कोणाले समजते!"

"कधीपासून टाकतं तू?"

"शिमग्यापासून. रोज."

गोकुळ मटकन खाली बसला आणि पोट धरून हसला. कागद घेऊन त्यानं रोजची एक मूठ धरून गुणाकार केला. आकडा बरोबर जुळला. इतके दिवस छातीवर बसलेला दगड उतरला म्हणा ना. आईला हात जोडून म्हणाला, "माय, आजपासून बंद."

पाणी मूळपदावर आणायचं तर एकच उपाय. जुनं पाणी काढायचं, त्याजागी गोडं भरायचं, पण हळूहळू, नाहीतर प्रवाळ दगावतात. म्हणून रोज संध्याकाळी एक ड्रम पाणी तो मागच्या दारच्या नालीत ओतायचा. सोजराबाई दारात उभी राहून म्हणायची, "गोकुळ, तसं फेकू नोको रे. नजर काढेल हाय त्याच्यात."

"आई, मीठ हाय ते. फक्त मीठ."

असे आठ दिवस, आठ ड्रम.

३

तिसऱ्या दिवशी छकुली दाराच्या चौकटीवर आपटली. पोरं आपटतातच. चौथ्या दिवशी तिनं पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि पेल्याच्या वीतभर अलीकडेच मूठ मिटली. करिष्मा म्हणाली, मस्ती करते. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात जेवता जेवता छकुलीनं घास तसाच हातात धरला आणि नाक मुरडलं.

"मम्मी, डुक्कर माह्याकडे पाहून राह्यलं."

"कुठी वं?"

"हे काय. नाक लावून राह्यलं मले. घाण हाय."

मागचं दार बंद होतं. गोकुळनं उठून उघडलं. नालीत एक डुकरीण लोळत होती आणि संध्याकाळी ओतलेल्या पाण्यात तिचं थोबाड बुडालं होतं. पोरीनं आवाज ऐकला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्यानं कानोसा घेतला. डुकरिणीचा आवाज काही येत नव्हता. पण लहान मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात, हेही खरंच होतं.

आठव्या दिवसापर्यंत छकुली भिंत चाचपडत चालायला लागली. खामगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, बॅटरी मारली, यंत्राला हनुवटी लावायला सांगितली. म्हणाले, "डोळ्याले काहीच नाही हो. आरशासारखे साफ हायत. लाडाची हाय ना? लक्ष पाह्यजे तिले तुमचं." करिष्मा त्या दवाखान्यातच रडली. लक्ष नव्हतं कधी दिलं या पोरीला? लक्ष द्यायला घरात दुसरं मूल होतं तरी कुठं?

गोकुळच्या मनात मात्र एक गोष्ट काट्यासारखी सलत राहिली. स्वयंपाकघरात छकुली चाचपडायची, ओट्यावर चाचपडायची, पण बैठकीत, टाकीसमोर, ती सुसाट पळायची. तिथं चेंडू टाकला तर दोन्ही हातांनी झेलायची. फक्त झेलताना ती चेंडूकडे बघत नव्हती. चेंडूकडे पाठ असली तरीही झेलायची.

आणि प्रवाळांची ती बटनं दिव्याकडे तोंड करून फुलायची सोडून बैठकीकडे वळली होती. पंपाच्या धारेनं होतं असं कधीकधी. जानरावांना फोन केला तर तेही तेच म्हणाले, "धार बदलली असंल."

४

मोजमापाचा माणूस शेवटी मोजमापच करणार. एका रविवारी सकाळी त्यानं छकुलीला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, बैठकीकडे पाठ करून. करिष्मानं मागून तिचे डोळे झाकले. मधे भिंत, दारावर पडदा. गोकुळ बैठकीत टाकीपुढे उभा राहिला आणि त्यानं हात वर केला.

"छकुली, माह्या हातात काय हाय?"

"पळी."

पळीच होती. त्यानं पळी ठेवली, चप्पल उचलली. "चप्पल. आजीची." कॉलेजचं ओळखपत्र उचललं. "तुमचा फोटू." एकेक करत त्यानं दहा वस्तू धरल्या. नऊ बरोबर आल्या. दहावी वस्तू, एक कुलूप, त्यानं स्वतःच्या पाठीमागे धरली होती. "मांगं लपवलं तुमी, पप्पा. चिडीचा डाव!" असं म्हणून ती खुदकन हसली.

गोकुळच्या हातून ते कुलूप खाली पडलं.  आता एकच गोष्ट बघायची उरली होती आणि ती बघू नये असं त्याला आतून फार वाटत होतं. तरी त्यानं दिवाणावरची चादर ओढली आणि टाकीवर टाकली.

स्वयंपाकघरातून किंकाळी आली. "लाईट कोन बंद केली! मम्मी! लाईट लाव! मम्मी, कुठी हायस तू!"

करिष्माचे हात केव्हाच खाली आले होते. सकाळचं ऊन छकुलीच्या उघड्या, टपोऱ्या डोळ्यांत पडलं होतं आणि ती आईच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आईला शोधत होती. गोकुळनं चादर ओरबाडून काढली. किंकाळी थांबली.

दारात सोजराबाई उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यागत आला. "म्या नजर काढली रे गोकुळ. तिची नजर काढली म्या."

गोकुळला काही बोलावंसं वाटलं, की आई, तसा अर्थ नसतो त्याचा. पण मागच्या दारी नाली वाळून खडखडीत झाली होती आणि तिच्या तळाशी मिठाचा पांढरा थर धरला होता. आठ ड्रम. ते त्यानं स्वतःच्या हातानं ओतले होते.

५

त्यानंतर त्या घरात टाकीसाठी जगणं सुरू झालं. टाकीचा नाद होता, तो गेला. आता ती पोरीची नजर होती.

पाणी बदलणं बंद. एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. पण पाणी बदललं नाही तर घाण साचते, आणि घाण साचली की प्रवाळ आखडतात. जानराव फोनवर ओरडायचे, "पाणी बदला ना बे! मारतं का त्याईले?" त्यांना काय सांगणार? काचेवर हिरवं शेवाळ धरायचं आणि छकुली डोळे चोळायची, "पप्पा, धूर झाला." गोकुळ काच खरवडायचा आणि ती टाळ्या पिटायची, "आता दिसते! आता दिसते!" तो ते ऐकायचा आणि तोंड फिरवून रडायचा.

सोजराबाईनं उलटं ओवाळून पाहिलं. टाकीतलं पाणी मुठीत घेऊन सात वेळा उलट्या बाजूनं फिरवलं, सगळं उलटं म्हटलं, पोरीच्या डोळ्यांना लावलं. पोरीचे डोळे झोंबले, एवढंच झालं. म्हातारीनं मग जेवणातलं मीठ सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. करिष्मा तिच्याशी एक शब्द बोलत नव्हती, पण अळणी भाजी वेगळी काढून ठेवत होती.

करिष्मानं आपली खुर्ची, भाजी चिरायची पाटी, कपड्यांच्या घड्या, सगळं बैठकीत टाकीसमोर आणलं. वेणीसुद्धा ती तिथंच घालायची, काचेकडे तोंड करून. "पाह्यजे तेवढं पाहू दे तिले मले," म्हणायची.

दिवसभर पाठीवर कोणीतरी बघत असल्यासारखं व्हायचं. एकदा गोकुळनं कपडे बदलता बदलता सहज वर पाहिलं. टाकीतली सगळी बटनं, शंभरावर शंभर, त्याच्याकडे वळलेली होती, आणि आतल्या खोलीतून छकुली म्हणाली, "पप्पा, शेम शेम." तो हसला. मग घाईघाईनं शर्ट अंगात चढवला. एका पोरीला बघायला एवढे सगळे ठिपके कशाला लागत होते, हे त्याला कळेना, आणि विचार करायचं धाडसही होईना.

६

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि दुपारी दोन वाजता कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली. धडाम आवाज झाला, सगळी गल्ली बाहेर आली.

इन्व्हर्टरनं संध्याकाळपर्यंत तग धरला. पाणी थंड ठेवायचं मशीन त्याच्यावर चालत नव्हतंच. गोकुळनं बर्फाच्या बाटल्या सोडल्या, ओली पोती गुंडाळली, हातानं पाणी ढवळलं. नवी डीपी कधी येईल ते कोणी सांगेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी हाताला कोमट लागलं आणि एका दगडावरची बटनं पांढरी पडून मिटायला लागली.

"पप्पा, मम्मी अर्धीच दिसते," छकुली म्हणाली.

करिष्मानं गोकुळची कॉलर धरली. "काहीही करा. कुठीही न्या. पण मरू देऊ नोका."

जानरावांच्या दुकानात जनरेटर होता. गोकुळनं पिकअप बोलावली. प्रवाळांचे दगड ड्रममध्ये, पाणी ड्रममध्ये, तळाची वाळूसुद्धा बादलीत, पुसलेलं फडकंही त्यानं मागं ठेवलं नाही. गाडी हलली तेव्हा छकुली ओट्यावर बसून होती. "मम्मी, तू लहान लहान होऊन राह्यली," ती म्हणाली, आणि हात हलवत राहिली, गाडी गेली त्याच्या भलत्याच दिशेला.

अकोल्याला ड्रम उतरवताना गोकुळनं त्या म्हाताऱ्या दुकानदाराचे पाय धरले. जानराव गोंधळले. "अहो, प्रवाळच हायत ना?"

"जगवा फक्त. तुमाले जे समजंल ते करा, पण जगवा."

"जगवतो," जानराव म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का होता.

७

घरी छकुलीला घर दिसेनासं झालं. दिसायचं ते दुकान. "लय मासे हायत. एक बाबा बिडी पेते." डीपी दहा दिवसांनी आली, पण जानराव म्हणाले, दगड अजून नाजूक आहेत, पुन्हा हलवले तर एकही राहणार नाही, पाऊस पडून थंडावा येऊ द्या.

मग रविवार ठरून गेला. गोकुळ सकाळच्या गाडीनं अकोल्याला जायचा, दुकानातल्या टाकीपुढे उभा राहायचा, आणि घरी करिष्मा छकुलीच्या कानाला फोन लावायची.

"पप्पा दिसले! निळा शर्ट घातला तुमी!"

तो काचेपुढे हात हलवायचा, माकडासारखं तोंड करायचा. गिऱ्हाईकं बघायची. बघू देत. तिसऱ्या रविवारी त्यानं करिष्माला सोबत आणलं, पोरीला सोजराबाईपाशी ठेवून. करिष्मानं काचेला गाल लावला आणि अर्धा तास काढलाच नाही. "मम्मी रडते काऊन?" फोनमधून आवाज आला. "रडू नोको ना. मले सगळं पाणी पाणी दिसते."

पुढल्या गुरुवारी जानरावांचा फोन आला. आवाजात खुशी होती.

"गोकुळभाऊ, वाचवले बरं तुमचे प्रवाळ! दगडाले सड लागली होती. ठेवला असता त सगळाच गेला असता. म्या रातोरात कटरनं तुकडे केले, चांगले चांगले वेगळे काढले. अन् एका जागी ठेवत नसते, ते शिकवलंच होतं तुमाले. एकाकडे मेलं त दुसऱ्याकडे जगते. आपल्यासारखे टाकीवाले हायत, त्याईले वाटून देल्ले. कोणी नागपूरले नेलं, कोणी सुरतले, पुण्याले त किती गेले. काही कुरियरनं गेले, मले पत्तेबी नाही माहीत सगळ्याईचे. पण आता फिकीर नाही. आता मरत नसतात ते."

गोकुळनं फोन ठेवला. चूक कोणाची म्हणायची? त्यानंच पाय धरले होते.

तो बाहेर आला. ओट्यावर ऊन होतं. छकुली मांडी घालून बसली होती, डोळे उघडे, मान किंचित एका बाजूला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्याच. गर्दीत कोणाला तरी शोधावं तशी. तो शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला. तिनं दचकून बोटं चाचपून पाहिली आणि तो पप्पाच आहे हे कळल्यावर घट्ट धरली.

"पप्पा, किती घरं दिसून राह्यले हो!"

"हाव का," तो कसाबसा म्हणाला.

"एका घरात टीव्ही चालू हाय. एका घरात कोनीच नाही. एका घरात एक मम्मी झाडून राह्यली, ती माह्याकडे पाहतच नाही. एक पोरगा बोट दाखवते मले."  कपाळाला बारीक आठी पडली. मग तिनं आपलं तोंड त्याच्याकडे आणलं, जवळजवळ त्याच्याच दिशेला.

"यातलं आपलं कोनतं होय, पप्पा?"